इंटरनेटवरील आरोग्यमाहिती आणि गरिबाचे घर

(नातेपुते येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

प्रश्नाचे स्वरूप

आरोग्याची माहिती इंटरनेटवर असणे आणि ती गरजू माणसाच्या उपयोगी पडणे यांत मोठे अंतर आहे. ते तुटायचे तर पाच गोष्टी जुळून याव्या लागतात. हातात फोन आणि त्याला जोडणी हवी. मजकूर कळेल अशा भाषेत हवा. तो वाचता किंवा ऐकता यायला हवा. सांगणाऱ्यावर विश्वास बसायला हवा. आणि कळले तसे वागण्याची ऐपत हवी. शिकल्यासवरल्या, सुस्थित कुटुंबात या पाचही गोष्टी बहुधा असतात, म्हणून तिथे त्यांचा कोणी विचारही करत नाही. मजुराच्या, मेंढपाळाच्या, विडी वळणाऱ्या बाईच्या घरी यांतली एखादी तरी नसते, आणि एक नसली की उरलेल्या चार असूनही काम अडते.

सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न त्याच्या सगळ्या अंगांनी दिसतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती. राज्याची साक्षरता तेव्हा ८२.३४ टक्के, तर जिल्ह्याची ७७.०२ टक्के होती. म्हणजे सात वर्षांवरील दर शंभरांत तेवीस माणसांना छापील किंवा पडद्यावरचा मजकूर वाचता येत नव्हता. याच जिल्ह्यातल्या नातेपुत्याच्या एका अंगाला नीरेच्या कालव्यावरची ऊसशेती आहे, दुसऱ्या अंगाला माणदेशाचा कोरडा मुलूख. गळीत हंगामात बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर माळशिरस तालुक्यात उतरतात आणि फडाजवळच्या कोप्यांत राहतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागात कन्नड बोलली जाते. सोलापूर शहरातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलली जाते आणि तिथल्या विडी कामगार बायकांत याच घरांतल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्यात मुक्कामी येते, तेव्हा राज्याच्या कानाकोपऱ्यातली माणसे एका रात्रीत या गावात जमतात. इतक्या वेगवेगळ्या माणसांपर्यंत आरोग्याची गोष्ट पोचवायची तर नुसते संकेतस्थळ काढून भागत नाही.

इंटरनेटच्या आधीचा धडा : बार्शी

हा प्रश्न इंटरनेटबरोबर जन्मलेला नाही, आणि त्याचे एक उत्तर याच जिल्ह्यात इंटरनेट येण्यापूर्वी सापडलेले आहे. १९८७ मध्ये बार्शी येथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहकार्याने चाललेल्या या नोंदणीत बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावे होती. शहरात अशी नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवरून होते. खेड्यात ते शक्य नव्हते, कारण रुग्ण रुग्णालयापर्यंत येतच नव्हता. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. गावातल्या जाणत्या माणसांना भेटून ते कर्करोगाची लक्षणे सांगत, अशी लक्षणे असलेल्यांची चौकशी करत आणि त्यांना तपासणीला पाठवत.

काही वर्षांत या फिरस्तीचा परिणाम नोंदीत दिसू लागला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण बायका पूर्वी फार उशिरा येत; आता त्यांच्यातल्या अधिकाधिक सुरुवातीच्या टप्प्यात येऊ लागल्या. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. गावात कोणतेही महागडे यंत्र आलेले नव्हते. कार्यकर्ते माहिती घेऊन आले होते, आणि पुढे कुठे जायचे ते तिच्यासोबत सांगितले जात होते.

याच भूमीवर पुढे एक मोठी चाचणी झाली. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा तीत समावेश होता. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी आता राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. तपासणी आहे हे ज्या बाईला माहीत नाही, तिच्यापर्यंत मात्र या संशोधनाचे फळ अजून पोचलेले नाही.

बार्शीच्याही आधी, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले आणि खेड्यातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेट देते, ती पद्धत या कामातून आली. ओळखीच्या माणसाने, आपल्या बोलीत, वेळेवर सांगितलेली माहिती जीव वाचवते, हे महाराष्ट्राने असे स्वतःच्या अनुभवातून सिद्ध केले आहे. इंटरनेटवरच्या आरोग्यमाहितीची मांडणी या पायावर व्हायला हवी.

फोन कोणाच्या हातात

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि स्मार्टफोन खेड्यापाड्यांत शिरला. त्यामुळे जोडणीचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने (२०१९-२१) वेगळे चित्र दाखवले. महाराष्ट्रात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ६१.५ टक्के होते, स्त्रियांचे ३८ टक्के. ग्रामीण स्त्रियांमध्ये ते आणखी कमी होते. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असणाऱ्या स्त्रिया ५४.८ टक्के होत्या. याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. ज्यांना माहितीची गरज अधिक, त्यांच्याच हाती साधन कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा मोठ्या मुलाच्या खिशात असतो. दिवसभर तो घराबाहेर राहतो. रात्री हाती आला तरी त्यावर पाळी, अंगावरून जाणे, गर्भनिरोधन यांविषयी शोधायला बाई धजत नाही, कारण काय पाहिले ते फोनमध्ये राहते. म्हणून आरोग्यसेवा देणाऱ्याने फोन सामाईक आहे असे धरूनच चालले पाहिजे. नाव, आजार आणि पत्ता विचारल्याशिवाय न उघडणारे ॲप अशा घरात वापरले जात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाची माहिती त्याच्या संमतीने घेण्याचे तत्त्व मांडले आहे. आरोग्याच्या कामात ते तत्त्व काटेकोरपणे पाळणे हा सौजन्याचाही भाग आहे.

साध्या फोनवर येणारा आवाजी संदेश हा या अडचणीवरचा चांगला उपाय ठरला आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या ‘अरमान’ संस्थेने २०१४ मध्ये ‘एममित्र’ ही सेवा सुरू केली. गरोदर बाईने नाव नोंदवले की तिने निवडलेल्या भाषेत आणि तिने निवडलेल्या वेळी फोन येतो, आणि त्या महिन्यात काय खावे, कोणती तपासणी करावी, कोणते लक्षण धोक्याचे, ते सांगितले जाते. वाचता येण्याची गरज नाही, डेटाची नाही, पैशाचीही नाही. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा याच जातीची आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत ७२ संदेश, आठवड्याला एक, असा तिचा क्रम आहे. २०२४ मध्ये ती महाराष्ट्रात सुरू झाली.

आवाजी सेवेलाही मर्यादा आहेत. नंबर बदलतो, फोन दुसरा कोणी उचलतो, ऐकण्याचा कंटाळा येतो. ‘अरमान’ने संगणकशास्त्रज्ञांच्या मदतीने कोणत्या बायका ऐकणे सोडतील याचा आगाऊ अंदाज बांधायला सुरुवात केली, आणि अशा बायकांना संस्थेचा कार्यकर्ता स्वतः फोन करू लागला. यंत्राने मोजदाद करावी आणि बोलणे माणसाने करावे, ही वाटणी इतर सेवांनीही घेण्याजोगी आहे.

भाषा, वाचन आणि आवाज

मराठीत आरोग्याचे लेखन कमी नाही. डॉ. श्याम अष्टेकर यांनी खेड्यातल्या कार्यकर्त्यांसाठी केलेले विस्तृत लेखन आहे. ‘विकासपीडिया’ या सरकारी ज्ञानकोशात मराठी विभाग आहे. अडचण पोचण्याची आहे, आणि तिची काही कारणे अगदी तांत्रिक आहेत. बरीच सरकारी पत्रके कागदाचा फोटो काढून चढवलेली असतात. काही जुना मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये अडकलेला आहे. असा मजकूर शोधयंत्राला सापडत नाही आणि फोनला मोठ्याने वाचून दाखवता येत नाही. सगळा मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे नीरस पण फार मोलाचे काम आहे.

दुसरे कारण शब्दांचे आहे. माणूस शोधताना ‘शुगर’, ‘बीपी’, ‘मुतखडा’, ‘अंगावरून पांढरे जाणे’ असे शब्द वापरतो. पत्रकात ‘मधुमेह’, ‘उच्च रक्तदाब’, ‘श्वेतप्रदर’ असते. दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले तर पान सापडते आणि मजकूर परका वाटत नाही. अमेरिकेत रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या मुलाला समजेल इतका सोपा असावा असा संकेत आहे. तो मराठीलाही लागू पडतो. वाक्य लहान असावे, एका वाक्यात एकच सूचना असावी, आणि करायची गोष्ट कारणाच्या आधी यावी.

जुलाबावरच्या जलसंजीवनीचे उदाहरण घेता येईल. बालकाच्या शरीरातील जलांश व क्षारांचे संतुलन राखणे आवश्यक असते, हे वाक्य बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चांगले ढवळून थोडे थोडे पाजत राहणे, लघवी कमी झाली किंवा मूल सुस्त पडले तर लगेच दवाखाना, हे वाक्य मूल वाचवू शकते. मिठाचे प्रमाण चुकले तर अपाय होतो, म्हणून चमचे चित्रात दाखवले पाहिजेत. सर्पदंशाचेही तसेच. चिरा देऊ नये, चोखू नये, आवळून बांधू नये, चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट सरकारी दवाखान्यात न्यावे, एवढे पुरे. सापांच्या जातींचे वर्णन नंतर यावे.

एकट्या मराठीने मात्र सोलापूरचे भागत नाही. लमाण तांड्यावरून आलेल्या तोडणी मजुराची घरची बोली वेगळी आहे, विडी कामगार बाईची वेगळी. कन्नड, तेलुगू, दखनी, गोरबोली यांतल्या दोन मिनिटांच्या ध्वनिफिती तयार करायला फार खर्च येत नाही. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’ या सामुदायिक रेडिओने स्थानिक बोलीची ताकद नातेपुत्याच्या शेजारीच दाखवून दिली आहे.

विश्वास आणि अफवा

खरी माहिती जिथे पोचत नाही तिथे खोटी आधी पोचते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्यामागे मोबाइलवरून फिरलेली अफवा होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. फोनवरच्या खोट्या मजकुराची किंमत सोलापूर जिल्ह्याने अशी माणसांच्या जिवाने मोजली आहे.

आरोग्याच्या अफवेत जमाव दिसत नाही, पण माणसे तिच्यातही मरतात. शुगर मुळापासून घालवणारा काढा विकणारे चलचित्र पाहून कोणी इन्शुलिन थांबवतो, कोणी कर्करोगाची गाठ लेप लावून बरी होण्याची वाट पाहतो. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब असे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादूटोणादी उपाय कायद्याने बंदी आहे. या कायद्याची अंमलबजावणी नीट होईपर्यंत चार प्रश्न प्रत्येकाने विचारावेत. हे कोण सांगत आहे? त्याची पात्रता काय? हे केव्हाचे आहे? आणि सांगणारा शेवटी काही विकतो आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होय असेल, तर चालू औषध बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

विश्वास जाहिरातीने मिळत नाही, सहवासाने मिळतो. म्हणून २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून उभी राहिलेली आशा कार्यकर्ती या साखळीतला सगळ्यांत महत्त्वाचा दुवा आहे. योग्य चलचित्र निवडून बाईला दाखवणे, ते तिच्या प्रश्नांशी जोडणे आणि दवाखान्यापर्यंत सोबत जाणे हे काम ती करू शकते. पण तिच्यावर ऑनलाइन नोंदींचा भार वाढत गेला आणि मोबदला त्या मानाने वाढला नाही. महाराष्ट्रातल्या आशांना २०२३-२४ मध्ये संपावर जावे लागले. जिने माहिती घरोघरी न्यायची, तिच्या फोनचा, डेटाचा आणि वेळेचा खर्च शासनाने उचलणे हे न्यायाचे आहे.

ऐपत : ऊसतोड बायकांचा अनुभव

माहिती असूनही माणूस तसे वागू शकत नाही, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण ऊसतोडीत आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ बायकांची पिशवी काढलेली आढळली. यांतल्या कित्येक तरुण होत्या.

या आकड्यामागे कामाची रीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे दंड, पडतो. फडात संडास नसतो, पाणी पुरेसे नसते, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलाव्या लागतात. अंगावरून जाणे किंवा ओटीपोटात दुखणे सुरू झाले की कर्करोगाची भीती घातली जाते, आणि पिशवी काढली की कटकट मिटेल असे वाटते. यांतल्या बऱ्याच तक्रारी औषधाने बऱ्या होण्यासारख्या असतात. लहान वयात गर्भाशय, आणि त्याबरोबर अंडाशयही, काढले तर हाडे ठिसूळ होणे, अकाली पाळी जाण्याचे त्रास होणे हे पुढचे परिणाम असतात. ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वी मिळाली असती तर अनेकींनी वेगळा निर्णय घेतला असता. पण नुसत्या माहितीने खाडा टळत नाही. विनाकारण केल्या जाणाऱ्या अशा शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राज्यांना दिला.

यातून एक नियम हाती लागतो. आरोग्याच्या प्रत्येक संदेशाला पुढची पायरी जोडलेली असावी : कुठे जायचे, कोणत्या वारी, काय खर्च येईल, कोणता कागद लागेल. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना मोठ्या आजारांचा खर्च उचलते. तिची चौकशी १५५३८८ या क्रमांकावर करता येते. आरोग्यसल्ल्यासाठी १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे क्रमांक आहेत. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या डॉक्टरशी बोलण्याची सोय सुरू झाली. हे क्रमांक कोपीपर्यंत पोचले तर इंटरनेट नसलेल्या बाईलाही त्यांचा उपयोग होतो.

अमेरिकेतील स्पॅनिश भाषकांचा अनुभव

अमेरिकेतल्या गरीब स्पॅनिश भाषक वस्त्यांना हेच प्रश्न पडले. तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९८ मध्ये ‘मेडलाइनप्लस’ हे सामान्य लोकांसाठीचे संकेतस्थळ सुरू केले आणि २००२ मध्ये ते स्पॅनिशमध्ये आणले. पान आपल्या भाषेत आले तरी शेतमजुराच्या घरी ते आपोआप उघडले गेले नाही. मेक्सिकोच्या सीमेलगत टेक्सासमध्ये ग्रंथपालांनी शाळकरी मुलांना हे संकेतस्थळ वापरायला शिकवले, आणि मुलांनी ते सोबत्यांना व घरच्यांना दाखवले. ‘प्रोमोतोरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतल्याच कार्यकर्त्या बायकांनी ते घरोघरी नेले. त्या आपल्याकडच्या आशांसारख्याच. श्रीमंत देशातही माहितीचा शेवटचा टप्पा माणसांनीच पुरा केला.

गावाने करायचे काम

यातले बरेचसे काम नातेपुत्यासारखे गाव स्वतः करू शकते. शाळेत आठवी-नववीच्या मुलांना खरी-खोटी आरोग्यमाहिती ओळखायला शिकवावे, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन दाखवणारी तीच असतात. १९६७ च्या कायद्याने मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये महाराष्ट्रभर आहेत. तिथे आठवड्यातून एक दिवस, इंटरनेटवरचा विश्वासार्ह मजकूर छापून किंवा ऐकवून देण्याची सोय व्हावी. औषधाच्या दुकानात, आठवडे बाजारात, कारखान्याच्या गटकार्यालयात मदतक्रमांकांचे मोठ्या अक्षरांतले फलक लागावेत. हंगाम सुरू होताच आशा आणि आरोग्यसेविकांनी कोप्यांवर जावे, आणि त्या दिवसाचा खाडा माफ करण्याची जबाबदारी कारखान्यांनी घ्यावी. पालखीच्या मुक्कामात आरोग्यपथके येतातच. त्यांच्यासोबत बोलीभाषांतल्या ध्वनिफिती ठेवल्या, तर त्या वारकऱ्यांच्या फोनमधून गावोगाव जातील.

शासनाने मजकूर सोपा, युनिकोडमध्ये आणि ताजा ठेवावा. डॉक्टरांनी रुग्णाला प्रश्न विचारायला अवधी द्यावा. आणि ज्याच्या हातात फोन आहे, ज्याला वाचता येते, त्याने शेजारच्या एका घराला तरी आठवड्यातून एकदा खरी माहिती वाचून दाखवावी. आरोग्याची माहिती हा गरिबाचा हक्क आहे, आणि ती त्याच्या घरी पोचेपर्यंत ती दिली असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.